नोंदवहीतले नाव



नोव्हेंबर हा आपल्या मृतजनांचा महिना. आमच्या बेळगावच्या चर्चमध्ये या महिन्यात दाराजवळ एक टेबल मांडलेले असते. लोक आपापल्या घरातल्या मृतांची नावे कागदावर लिहून आणतात, आणि महिनाभर मिस्सामध्ये त्यांच्यासाठी प्रार्थना होते. गेली काही वर्षे त्या टेबलाशी बसण्याचे काम माझ्याकडे आहे. अक्षर लागले नाही तर विचारायचे, आणि मोठ्या वहीत नाव नीट उतरवून घ्यायचे.

या वेळी माझ्याच धर्मशिक्षणाच्या वर्गातला एक मुलगा आईने लिहिलेली यादी घेऊन आला. आजोबा, आजी, एक काका. मी सहज विचारले, "आणि पणजोबा?"

तो म्हणाला, "टीचर, त्यांचं नाव घरात कुणालाच माहीत नाही."

त्याला चार शब्द सुनवावेत असे माझ्या मनात आले होते. पण तेवढ्यात आठवले की माझी स्वतःची यादीही पणजीपाशी येऊन थांबते. तिच्या मागे काय, ते आमच्याही घरात कोणाला ठाऊक नाही. त्या पणजीविषयी मी शेवटी सांगणार आहे. आधी थोडे दूर, इटलीत जाऊ या, कारण पणजीची नोंद वाचायला मला इटलीच्या जुन्या चर्चवह्यांनी शिकवले. मी इटलीला कधी गेलेले नाही. इतिहास घेऊन बी.ए. झाले एवढेच. पण २१ एप्रिल २०२५ रोजी पोप फ्रान्सिस आपल्याला सोडून गेले, आणि त्यानंतर त्यांच्या घराण्याविषयी वाचता वाचता मी या वाटेला लागले.

एका बोटीची गोष्ट

पोप फ्रान्सिस अर्जेंटिनाचे, हे आपण सगळे जाणतो. पण त्यांचे बेर्गोग्लिओ घराणे मूळचे उत्तर इटलीतल्या पिएमाँत प्रदेशातले. आस्ती शहराजवळ पोर्ताकोमारो नावाचे द्राक्षमळ्यांचे एक लहान गाव आहे, ते त्यांचे मूळ गाव. आजोबा जोव्हान्नी, आजी रोझा आणि त्यांचा तरुण मुलगा मारिओ हे तिघे १९२९ च्या सुरुवातीला जेनोवा बंदरातून बोटीने ब्युनोस आयर्सला गेले. आजोबांचे भाऊ आधीच तिकडे रस्त्यांच्या फरसबंदीच्या धंद्यात स्थिरावले होते. हे कुटुंब खरे तर त्याच्या आधीच 'प्रिन्चिपेस्सा माफाल्दा' या बोटीने निघणार होते. पण घरदार वेळेत विकले गेले नाही म्हणून त्यांचे जाणे राहिले. ती बोट ऑक्टोबर १९२७ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ बुडाली आणि तीनशेहून अधिक माणसे गेली. आपण आज जिवंत आहोत ते त्या अडलेल्या व्यवहारामुळे, असे पोप फ्रान्सिस सांगत असत.

त्या मारिओचा मुलगा होर्हे १७ डिसेंबर १९३६ रोजी जन्मला आणि नाताळच्या दिवशी, २५ डिसेंबरला, त्याचा बाप्तिस्मा झाला. हाच होर्हे पुढे पोप झाला. सर्वसाधारण भेटीला जमलेल्या लोकांना ते एक गोष्ट वारंवार विचारत: तुमच्या बाप्तिस्म्याची तारीख तुम्हाला माहीत आहे का? नसेल तर घरी जा, विचारा, शोधा. हा तुमचा गृहपाठ. नोव्हेंबर २०२२ मध्ये एका चुलत बहिणीच्या नव्वदाव्या वाढदिवसासाठी ते आस्तीला गेले होते. तिथल्या कॅथेड्रलमध्ये मिस्सा अर्पण करताना, आपण इथे आपल्या मुळांची चव पुन्हा घ्यायला आलो आहोत, अशा अर्थाचे ते बोलले.

मुळांची चव! शब्द साधा आहे. पण समुद्रापलीकडे गेलेल्या घराण्याने आपली मुळे शोधायची कशी?

आधी गाव

१८८० ते १९२० या काळात एकट्या अमेरिकेतच सुमारे चाळीस लाख इटालियन माणसे उतरली. अर्जेंटिना आणि ब्राझीलला गेलेले वेगळे. आज त्यांची नातवंडे-पतवंडे जुने कागद शोधू लागतात, तेव्हा पहिला प्रश्न येतो तो नावाचा नव्हे, तर गावाचा. इटलीतल्या जन्म, विवाह आणि मृत्यूच्या नोंदी प्रत्येक गावाच्या, म्हणजे 'कोमुने'च्या, वेगळ्या असतात. "आम्ही नेपल्सचे" एवढ्यावर काही मिळत नाही. आपल्यातला माणूस मुंबईत गेला की "मी बेळगावचा" म्हणतो. पण त्याचे घर खानापूरच्या पलीकडे जंगलातल्या एखाद्या वाडीत असते, तसेच ते. बोटीच्या प्रवाशांची यादी, नातेवाइकाचे जुने पत्र, थडग्यावरचा दगड, सैन्यभरतीचा कागद, यांतून गावाचे नाव सापडले की मग दार उघडते.

न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर अधिकाऱ्यांनी आमचे आडनाव बदलले, असे पुष्कळ घरांत सांगतात. पण प्रवाशांच्या याद्या बोट निघायच्या बंदरातच तयार होत. एलिस बेटावरचा कारकून समोरच्या यादीवरून नाव ताडून पाही. नावे बदलली ती पुढे, शाळेत, कारखान्यात, शेजाऱ्यांच्या तोंडी, आणि कित्येकदा माणसांनी स्वतःच बदलली. आपल्या घरातली आठवण खरीच असते, पण ती थोडी घडवलेलीही असते. म्हणून कागद पाहावा.

'दि' आणि 'फू'

इटलीत सरकारी जन्ममृत्यू नोंदी नेपोलियनच्या काळात सुरू झाल्या. दक्षिणेकडच्या नेपल्सच्या राज्यात १८०९ पासून. नेपोलियन गेला, तेव्हा उत्तरेतल्या बऱ्याच भागात त्या बंद पडल्या, पण दक्षिणेने त्या चालू ठेवल्या. देश एक झाल्यावर १८६६ पासून सगळीकडे एकच पद्धत आली. रोम आणि व्हेनिसच्या भागात ती १८७१ मध्ये पोचली. प्रत्येक वही दोन प्रतींत लिहायची, एक गावात ठेवायची आणि दुसरी न्यायालयात पाठवायची, असा नियम होता. या वह्या आता इटलीच्या सरकारी अभिलेखागारांनी 'अंतेनाती' नावाच्या संकेतस्थळावर ठेवल्या आहेत, आणि कोणालाही त्या फुकट पाहता येतात. 'अंतेनाती' म्हणजे पूर्वज.

या नोंदी वाचायला लागल्यावर दोन लहान शब्द मला फार आवडले. 'दि' आणि 'फू'. 'जोव्हान्नी दि अंतोनिओ' म्हणजे अंतोनिओचा मुलगा जोव्हान्नी. 'जोव्हान्नी फू अंतोनिओ' म्हणजे कैलासवासी अंतोनिओचा मुलगा. आपण नावाआधी 'कै.' लिहितो तसाच हा 'फू'. एखाद्याच्या लग्नाच्या नोंदीत 'दि' आणि त्याच्या पहिल्या मुलाच्या जन्मनोंदीत 'फू' दिसला, तर दोन तारखांच्या मध्ये आजोबा वारले हे कळते. नातवाचा चेहरा त्यांनी पाहिला नाही, हे दोन अक्षरी शब्दाने सांगितले.

दुसरी गोष्ट बायकांची. इटलीच्या नोंदींत बाई लग्नानंतरही माहेरच्याच आडनावाने लिहिली जाते. म्हणून तिथे आईच्या बाजूने मागे जाता येते. आपल्याकडे लग्नात आडनाव तर बदलतेच, कित्येक घरांत पाळण्यातले नावही बदलते, आणि दोन पिढ्यांत बाईचे माहेर कागदावरून पुसले जाते. मृतांच्या यादीत "आजी" एवढेच लिहून आणणारे लोक मला दरवर्षी भेटतात.

तिसरी गोष्ट नाव ठेवण्याची. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचे. पहिल्या मुलीला वडिलांच्या आईचे, दुसरीला आईच्या आईचे, अशी रीत इटलीत, विशेषतः दक्षिणेत, पुष्कळ घरांनी पाळली. त्यामुळे मुलांच्या नावांवरून आजी-आजोबांची नावे काढता येतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी कामाला येईल.

त्रेंतोचा नियम

सरकारी नोंदींच्या आधीचे सगळे चर्चच्या वह्यांत. आणि या वह्यांचा उगम आपण ख्रिस्ती लोकांनी समजून घ्यायला हवा, कारण त्या वंशावळीसाठी सुरूच झाल्या नव्हत्या.

उत्तर इटलीतल्या त्रेंतो शहरात भरलेल्या महासभेने ११ नोव्हेंबर १५६३ रोजी विवाहाविषयी निर्णय दिला. तोपर्यंत दोघांनी एकमेकांना शब्द दिला की लग्न होत असे. साक्षीदार नसला तरी चाले. याचा फटका कोणाला बसे? पुरुषाने नंतर हात वर केले आणि दुसरे लग्न लावले की पहिलीला काही पुरावा नसे. महासभेने ठरवले की विवाह धर्मगुरूसमोर आणि निदान दोन साक्षीदारांसमोर झाला पाहिजे, आणि धर्मगुरूने वधूवरांची व साक्षीदारांची नावे, दिवस आणि ठिकाण वहीत लिहून वही जपून ठेवली पाहिजे. त्याच सत्रात असेही ठरले की बाप्तिस्म्याच्या वेळी धर्ममाता-धर्मपिता कोण आहेत हे विचारून त्यांची नावे लिहावीत. कारण त्या नात्याने माणसे एकमेकांची आप्त होतात. पुढे १६१४ मध्ये पोप पाचवे पॉल यांच्या काळात जो विधिग्रंथ निघाला, त्यात पाच वह्यांचे नमुने दिले गेले: बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह, मृत्यू आणि पाचवी 'स्तातुस आनिमारुम', म्हणजे आत्म्यांची स्थिती.

ही पाचवी वही मला सर्वांत गोड वाटते. धर्मगुरू घरोघर जात, आणि घरात कोण कोण आहे, कोणाचे वय काय, कोणी कम्युनियन घेतले, कोणी नाही, हे लिहून घेत. विधवा सासू, लग्न न झालेली आत्या, घरगडी, सगळे एका चुलीभोवती बसलेले त्या पानावर दिसतात. शोध घेणाऱ्याला एका पानावर तीन पिढ्या मिळतात. पण लिहिणाऱ्याला हवे होते ते वेगळेच. माझ्या कळपातले कोणी हरवले तर नाही ना, एवढेच तो पाहत होता.

काही शहरांत ही काळजी त्रेंतोच्याही आधीची आहे. फ्लोरेन्सचा इतिहासकार जोव्हान्नी विल्लानी चौदाव्या शतकात लिहून गेला की तिथल्या संत योहानाच्या बाप्तिस्मागृहात मुलगा झाला तर काळे बी आणि मुलगी झाली तर पांढरे बी बाजूला टाकून वर्षाची मोजदाद होत असे. लिहायच्या आधी बियांनी मोजले, पण मोजले! तिथल्या लेखी वह्या १४५० पासूनच्या आजही शिल्लक आहेत.

या वह्या वाचताना तारखांनी फसायला होते. फ्लोरेन्सचे वर्ष १ जानेवारीला नव्हे, तर २५ मार्चला, मरिया मातेला देवदूताचा निरोप मिळाला त्या सणाला सुरू होई. ही पद्धत १७५० पर्यंत चालली. जवळच्या पिसा शहराचेही वर्ष २५ मार्चलाच, पण एक वर्ष पुढचे. गॅलिलिओचा बाप्तिस्मा पिसात १९ फेब्रुवारी १५६४ रोजी झाला. तो दिवस फ्लोरेन्सच्या हिशेबाने अजून १५६३ सालातला होता. आपल्याला याचे नवल वाटायला नको. शकाचे वर्ष चैत्री पाडव्याला, गुजरातेतले संवताचे वर्ष दिवाळीनंतरच्या पाडव्याला, आणि कॅलेंडर जानेवारीपासून, असे तीन हिशेब आपण रोज सांभाळतोच.

ज्यांच्या नावापुढे जागा रिकामी

आता मुख्य गोष्टीकडे येते. वहीत सगळ्यांचे सगळे नीट लिहिलेले नसते.

१५ एप्रिल १४५२ च्या रात्री फ्लोरेन्सजवळच्या विंची गावात अंतोनिओ नावाच्या ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याला नातू झाला. त्याने घरातल्या जुन्या वहीत ते लिहून ठेवले: माझा मुलगा पिएरो याला मुलगा झाला, वार शनिवार, रात्रीचा तिसरा प्रहर-तास, नाव अमुक, बाप्तिस्मा अमुक धर्मगुरूने दिला. बाप्तिस्म्याला हजर असलेल्या दहा जणांची नावेही त्याने लिहिली. बाळाच्या आईचे नाव मात्र तिथे नाही, कारण आईवडिलांचे लग्न झालेले नव्हते. पाच वर्षांनी, १४५७ मध्ये, करासाठी घरातल्या माणसांची यादी द्यावी लागली, तेव्हा त्याच आजोबांनी या नातवाचे नाव घरच्यांत घातले. तो लग्नाबाहेरचा आहे हेही सांगितले आणि आईचे नाव कातेरिना असेही सांगितले. हा नातू म्हणजे लिओनार्दो दा विंची. आज जग त्याला ओळखते. पण त्या रात्री तो फक्त एक अडचणीचे मूल होता, आणि एका म्हाताऱ्याने त्याला वहीबाहेर ठेवले नाही.

त्याच फ्लोरेन्समध्ये रेशीम व्यापाऱ्यांच्या संघाने टाकलेल्या मुलांसाठी एक आश्रम बांधला. ब्रुनेल्लेस्की या थोर वास्तुकाराने त्याची आखणी केली. नाव 'इनोचेंती', म्हणजे हेरोदाने मारलेल्या निष्पाप बालकांचे नाव. ५ फेब्रुवारी १४४५ रोजी तिथे पहिली मुलगी आली. तो संत आगाथाचा सण होता, म्हणून तिचे नाव आगाता ठेवले. तेव्हापासून येणाऱ्या प्रत्येक बाळाची नोंद होऊ लागली. कोणत्या दिवशी आले, अंगावर कसले कापड होते, गळ्यात काय होते. कित्येक आयांनी बाळाबरोबर एक खूण ठेवली: अर्धे कापलेले पदक, अर्धे नाणे. दुसरा अर्धा भाग आईकडे. कधीतरी दिवस पालटतील, मी परत येईन, आणि दोन तुकडे जुळवून माझे मूल ओळखेन, ही आशा. आश्रमाने ते तुकडे नोंदीबरोबर जपून ठेवले. आज त्यांतले पुष्कळ तिथल्या संग्रहालयात आहेत, अर्धेच राहिलेले. दुसरा अर्धा घेऊन कोणी आले नाही.

नेपल्समध्ये अशी मुले अनुन्त्सियाता आश्रमाच्या भिंतीतल्या फिरत्या लाकडी चाकात ठेवत. त्यांना 'एस्पोजितो', म्हणजे बाहेर ठेवलेला, हे आडनाव मिळे. आडनाव ऐकताच जन्माची कथा कळे, म्हणून म्यूरा राजाच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, हे आडनाव देणे बंद करण्यात आले. पण आधीच दिलेले आडनाव राहिले. आज नेपल्सच्या परिसरात एस्पोजितो हे सर्वांत जास्त आढळणाऱ्या आडनावांपैकी आहे. डॉक्टर, शिक्षक, धर्मगुरू, खेळाडू, सगळ्यांत एस्पोजितो आहेत. जे आडनाव लपवण्यासारखे होते, ते त्यांनी मान वर करून चालवले.

कागद जळतो

कागदावर विसंबूनही भागत नाही. ३० सप्टेंबर १९४३ रोजी नेपल्सजवळच्या एका बंगल्यात, सुरक्षित राहावीत म्हणून हलवलेली नेपल्सच्या अभिलेखागाराची सर्वांत मौल्यवान दप्तरे जर्मन सैनिकांनी जाळली. शेकडो वर्षांचा ठेवा काही तासांत गेला. त्या अभिलेखागाराचे प्रमुख रिकार्दो फिलान्जिएरी खचले नाहीत. पूर्वी ज्या ज्या अभ्यासकांनी त्या दप्तरांतून उतारे घेतले होते, नकला केल्या होते, छायाचित्रे काढली होती, ती सगळीकडून गोळा करून त्यांनी जळालेल्या वह्या पुन्हा उभ्या करायला घेतल्या. एकाने जपलेले दुसऱ्याच्या कामी आले.

त्याच महायुद्धात आपल्या बेळगावच्या मराठा लाईट इन्फंट्रीची पलटणे इटलीत लढत होती. नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात पडले; त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. २०२३ मध्ये मोन्तोने गावात त्यांच्या नावाचे स्मारक उभे राहिले. आपण इटलीतल्या लोकांची नावे वाचतो, आणि इटलीतले एक गाव आपल्या मराठी माणसाचे नाव वाचते.

कशासाठी शोधायचे?

आता एक अवघड प्रश्न. माणसे पूर्वज का शोधतात? इटलीत पूर्वी कितीही पिढ्या मागचा इटालियन पूर्वज दाखवून नागरिकत्व मागता येत असे. मार्च २०२५ मध्ये सरकारने ते साधारणपणे आईवडील किंवा आजी-आजोबा यांच्यापुरते आटोपले. आपल्या शेजारच्या गोव्यातही पोर्तुगीज पासपोर्टसाठी आजोबांच्या जन्मनोंदी शोधणारी घरे कितीतरी आहेत. यात वाईट काही नाही. पोटासाठी माणूस नेहमीच समुद्र ओलांडत आला आहे.

पण दुसरेही एक कारण असते, आणि त्याला मी घाबरते. कुळ दाखवण्याचे. आपल्या भागात पूर्वी हेळवी बैलावर बसून येत आणि घराण्याची वंशावळ म्हणून दाखवत. ज्याची वंशावळ लांब त्याची मान ताठ. आणि ज्याला वंशावळच नाही त्याने काय करावे?

पवित्र शास्त्रातही हा प्रसंग आहे. एज्राच्या पुस्तकात, बाबेलहून परत आलेल्या काही याजक कुटुंबांनी आपली नोंद शोधली. ती सापडली नाही, आणि त्यांना याजकपणातून बाजूला ठेवण्यात आले. कागद नाही म्हणून वेदीपाशी जागा नाही. पण मत्तयाचे शुभवर्तमान उघडा. येशूच्या वंशावळीत मत्तय तामारेचे नाव घालतो, राहाबेचे घालतो, परक्या मवाबी देशातल्या रूथचे घालतो, उरीयाच्या बायकोचा उल्लेख करतो. दुसऱ्या कोणी लपवली असती ती माणसे तो पहिल्याच पानावर आणून बसवतो. आणि लूक तर वंशावळ थेट आदामापर्यंत, देवापर्यंत नेतो. तिथे कोणाचे कुळ उंच आणि कोणाचे नीच?

माझी पणजी

माझ्या मोठ्या आत्याचे लग्न ठरत होते तेव्हाची गोष्ट आमच्या घरात अजून दबक्या आवाजात सांगतात. मुलाकडच्या एका वडीलधाऱ्या माणसाने विचारले, "तुमचं मूळ कुठलं? ख्रिस्ती व्हायच्या आधीचं कुळ कोणतं?" आजोबा गप्प बसले. आजी उठून आत गेली. सोयरीक मोडली. त्यानंतर आमच्या घरात हा विषय कोणी काढत नसे.

काही वर्षांपूर्वी मी नगर भागातल्या एका जुन्या मिशनच्या चर्चमध्ये गेले होते. तिथल्या फादरांनी परवानगी दिली आणि पणजीची नोंद मला पाहायला मिळाली. साल १९००. छप्पनच्या दुष्काळात रस्त्यावर सापडलेल्या मुलांना मिशनने जवळ केले, त्यांतली ती एक. वय अंदाजे चार. आईवडिलांच्या नावांच्या जागी लॅटिनमध्ये दोनच शब्द, ज्यांचा अर्थ 'आईवडील अज्ञात'. मी वही मिटली आणि बाहेर येऊन खूप रडले. एवढ्या लांब येऊन तेच उत्तर मिळाले होते, जे आजोबांनी त्या दिवशी न बोलता दिले होते.

मग यंदा इटलीच्या वह्यांविषयी वाचताना त्रेंतोच्या त्या नियमापाशी मी थांबले: धर्ममाता-धर्मपिता कोण ते विचारून लिहावे. मी तेव्हा मोबाईलवर काढलेला फोटो शोधून पुन्हा पाहिला. 'अज्ञात' या शब्दाच्या खालच्याच ओळीत एका बाईचे नाव होते. पणजीची धर्ममाता. त्या दिवशी डोळ्यांत पाणी होते, ती ओळ मी वाचलीच नव्हती. ते नाव माझ्या आजीचे होते.

मी बराच वेळ तशीच बसून राहिले. पणजीला पहिली मुलगी झाली, तेव्हा तिच्याकडे आपल्या आईचे नाव द्यायला नव्हते. म्हणून तिने मुलीला त्या बाईचे नाव दिले, जिने बाप्तिस्म्याच्या वेळी तिला हातावर घेतले होते. आमच्या घरात तीन पिढ्या प्रेमाने हाक मारलेले ते नाव एका परक्या बाईचे होते, आणि ती परकी नव्हती. १५६३ मध्ये इटलीतल्या एका शहरात ठरलेल्या नियमामुळे, दुष्काळात सापडलेल्या एका चार वर्षांच्या पोरीला कागदावर आई मिळाली.

पुढच्या वेळी कोणी "मूळ कुठलं?" असे विचारले तर मी गप्प बसणार नाही. आमचे मूळ बाप्तिस्म्याच्या पाण्यात आहे, असे सांगेन. आणि रस्त्यावरचे मूल उचलून घेणाऱ्या त्या बाईचे नाव घेईन.

तो मुलगा पुढच्या रविवारी पुन्हा आला. त्याने गावी आजीच्या बहिणीला फोन केला होता. पणजोबांचे नाव मिळाले नाही, पण पणजीचे मिळाले. मी ते मोठ्या वहीत लिहिले. पणजोबांसाठी एक ओळ रिकामी ठेवली आहे. देवाला ते नाव ठाऊक आहे.

या महिन्यात तुम्हीही एवढे करा. आपल्या बाप्तिस्म्याची तारीख शोधा. धर्ममाता-धर्मपित्याचे नाव विचारा आणि ते हयात असतील तर त्यांना भेटा. घरातल्या आजीचे माहेरचे नाव आजच लिहून ठेवा. ती आहे तोवर विचारा. आणि ज्यांच्यासाठी प्रार्थना करायला मागे कोणी उरले नाही, त्यांच्यासाठी एक मेणबत्ती लावा.

प्रभू येशू, तू आम्हाला नावाने ओळखतोस. आमच्या पूर्वजांना, ज्यांची नावे आम्हाला माहीत आहेत त्यांना आणि ज्यांची नावे वहीतून पुसली गेली त्यांनाही, तुझ्या पुस्तकात जागा दे. टाकलेल्या प्रत्येक लेकराला उचलून घेणारे हात आम्हाला दे. आमेन.